पाटीवरचं नाव

प्रिय लिफ्टवाल्या,

बऱ्याच वर्षांत ही हाक मारली नाही, त्यामुळे दचकला असशील. दचक. सकाळपासून सगळे तुला भाऊ म्हणत, प्रमुख म्हणत हात मिळवत असतील, तेव्हा एखाद्या माणसाने तरी जुन्या नावाने हाक मारायला हवी. तू आत्ता वेदीमागच्या छोट्या खोलीत असशील. जादाच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या असतात ना, तिथेच. पाळकसाहेबांनी हे पाकीट हातात ठेवून तुझ्या पाठीवर थाप मारली असेल आणि जाताना दार ओढून घेतलं असेल. बाहेर गाणी सुरू झाली असतील. आपल्या मंडळीची पद्धत तुला माहीतच आहे. जो माणूस सेवेची जबाबदारी घेणार, त्याच्याबद्दल घरच्या माणसाने पत्र लिहायचं. त्याने ते आधी एकट्याने वाचायचं आणि गाणी संपली की पुढे जाऊन सगळ्यांना स्वतःच्या तोंडाने वाचून दाखवायचं. तर हे आधी डोळ्यांनी वाच. तोंडाचं आपण नंतर बघू.

पाळकबाईंनी मला नमुना म्हणून आधीच्या दोन-तीन बायकांची पत्रं दाखवली होती. बाई मनाने फार चांगल्या आहेत, त्यांच्याबद्दल मी वाकडं बोलणार नाही. पण ती पत्रं म्हणजे एकाच साच्यातून काढल्यासारखी. माझे पती अंधारात होते, ते उजेडात आले, मी त्यांना मनापासून क्षमा केली आहे, प्रभूची स्तुती असो. पाळकबाई म्हणाल्या की एक पान पुरे, फार रडू येईल असं लिहू नकोस, मागे एकदा सगळे रडत बसले आणि चहा गार झाला. मी मान डोलावली. आता हे एका पानाच्या पुढे चाललंय, पण तुला त्याचं काही वाटायला नको. माईक हातात आला की वेळेचं भान तुला तरी कुठे राहतं?

आपली पहिली भेट तू कधीच कुणाला सांगत नाहीस, म्हणून ती मी लिहिते. मी लॅबमधून कवळ्यांचा ट्रे घेऊन खाली दवाखान्यात निघाले होते आणि लिफ्ट मध्येच अडकली. मी बटणं दाबून दाबून रडकुंडीला आले होते. मग वरून तुझा आवाज आला, आत किती माणसं आहेत म्हणून. मी म्हटलं, माणूस एकच आहे, दात मात्र भरपूर आहेत. तू इतका हसलास की तुझ्या हातातला पाना निसटून लिफ्टच्या टपावर आदळला आणि माझा जीव अर्धा झाला. त्यानंतर त्या लिफ्टची जी काय सेवा सुरू झाली! कुरकुरत नसतानासुद्धा तू तेलाचा डबा घेऊन हजर. आमचे सर म्हणायचे, या लिफ्टइतकी काळजी कुणी आपल्या म्हाताऱ्या आईची घेत नसेल. मी तुला लिफ्टवाला म्हणायची, तू मला दातवाली. त्या हसण्यावर मी भाळले, दुसरं काही पाहिलंच नाही. मंडळीपुढे उभा राहून तू जी साक्ष देतोस, तिच्यात ही गोष्ट नसते. तुझी साक्ष अंधारापासून सुरू होते आणि तुझ्या हिशेबाने तू तेव्हाही अंधारातच होतास, म्हणजे माझ्या वाट्याचा तो एक चांगला दिवससुद्धा तू काळा रंगवून टाकलास.

तू सांगतोस की शाळेत असताना एका मोठ्या मुलाने तुला तसली चित्रं पहिल्यांदा दाखवली आणि तिथून तू घसरत गेलास. खरं असेल. मला कळलं ते लग्नानंतर, आणि तेही तुझ्या तोंडून नाही. तू अंघोळीला गेला होतास, माझा फोन बंद पडला होता, म्हणून आईला फोन करायला मी तुझा घेतला. त्यात काय होतं ते इथे लिहीत नाही, देवाच्या घरात वाचायचं पत्र आहे. भांडं फुटल्यावर तू रडलास, शपथा घेतल्यास, फोनमधलं सगळं पुसलंस आणि पंधरवडा उलटायच्या आत पुन्हा तेच. मी आकांडतांडव करायचं, तू पाय धरायचे, हाच आपला संसार झाला. पण फोनमधल्या त्या बायकांपेक्षा वाईट होतं ते तुझं माझ्याकडे बघणं. दुकानात मांडलेला माल बघताना मधली काच दिसत नाही, तशी मी तुला दिसेनाशी झाले होते. एकदा मी लाज गुंडाळून ठेवून तू म्हणालास तशी वागूनही बघितलं. तरी तुझं लक्ष माझ्यावर नव्हतंच. त्यानंतर मी भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले.

आणि याचं तू साक्षीत काय केलंस? एका वाक्यात उरकलंस. माझी पत्नी दगडासारखी झाली होती, म्हणे! उपासना संपल्यावर चहाच्या टेबलापाशी बायका एकेक करून येतात, मला मिठी मारतात, पाठीवरून हात फिरवतात. दगडाला कुरवाळतात बिचाऱ्या. पुरुष माझ्या नजरेला नजर देत नाहीत, पण मी पाठ वळवली की बघतात. माझ्या झोपण्याच्या कुशीबद्दल सगळ्या मंडळीला माहिती आहे. लॅबमध्ये मी ज्यांच्यासाठी दात बनवते, त्यातल्या एका आजोबांनी परवा माप देताना विचारलं, आता घरी सगळं ठीक आहे ना? तेवढ्यात त्यांच्या तोंडात मापाचा साचा गेला म्हणून बरं. नाहीतर आणखी काय विचारलं असतं कोण जाणे.

आता बाळाबद्दल. तू हे वाक्य येण्याची वाट बघत असशील, कारण तुझ्या साक्षीत लोक इथे रुमाल काढतात. मला सातवा सरत आला होता. दुपारी मी एका कवळीला पॉलिश करत होते आणि पोटात कळ आली ती वेगळीच. शेजारच्या टेबलावरच्या बाईने मला टॅक्सीत घातलं आणि तुला फोन केला. तू आलास, धावत आलास, हे मी विसरलेले नाही. मला आत नेलं तेव्हा तू बाहेर खुर्चीवर बसला होतास. पुढे काय झालं ते तूच लोकांना सांगतोस. भीतीने तुझा जीव कासावीस झाला, तुला सहन होईना, तू मागच्या जिन्यात गेलास आणि खिशातून फोन काढलास. डॉक्टरबाई बाहेर येऊन तुला हाका मारत होत्या. तुझ्या कानात इअरफोन होते. तुला ऐकू गेलं नाही.

त्या वेळी आत काय चाललं होतं ते तुला कधी कुणी सांगितलं नाही. बाळ गेलेलंच जन्मलं. नर्सने ते पुसून, मऊ कापडात गुंडाळून माझ्याजवळ आणलं आणि विचारलं, वडलांना बोलावू का? मी म्हटलं, बोलवा. ती गेली. परत आली तेव्हा माझ्याकडे न बघता तिने खाटेची चादर नीट केली, आधीच नीट होती ती. म्हणाली, बाहेर कुणी दिसत नाहीये. मग मी बाळाला एकटीने घेतलं. किती वेळ ते मला माहीत नाही. कागद आले, त्यांवर मी सही केली, आणि हॉस्पिटलच्या मागे अशा बाळांसाठी जी जागा आहे तिथे त्यांनीच नेलं. तू आलास तेव्हा तोंड धुऊन आला होतास, केस ओले होते. मी म्हटलं, मला काही विचारू नकोस. आयुष्यात माझं दुसरं कुठलंही म्हणणं तू इतकं तंतोतंत पाळलं नाहीस. तू विचारलं नाहीस. त्या दिवशी नाही, त्या वर्षी नाही, आजपर्यंत नाही.

त्यानंतर तू पाळकसाहेबांकडे गेलास. मला वाटलं, चला, आणखी एक नाटक. पण हे मी लिहिणार आहे, कारण मला तुझा राग आला म्हणून मी खोटं बोलणार नाही. तू साधा बटणांचा फोन घेतलास. गुरुवारी ही सवय सोडू पाहणाऱ्या पुरुषांच्या गटात जायला लागलास, त्याआधी दोन वेळा तू दारातून परत आलास. पुन्हा पडलास आणि या वेळी लपवलं नाहीस, माझ्यासमोर उभं राहून सांगितलंस. मी तुला नाही नाही ते बोलले. तू ऐकून घेतलंस. एक दिवस मी कामावरून लवकर आले, तर तू मागच्या बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या शेजारी गुडघ्यांवर होतास, कपाळ मशीनच्या पत्र्याला टेकलेलं. तू येशूला हाका मारत होतास. एखादं पोर गर्दीत हरवल्यावर आईला हाका मारतं, तशा. तुला मी आल्याचं कळलं नाही. तिथे माईक नव्हता, आमेन म्हणायला कुणी नव्हतं, नाक पुसायला रुमालसुद्धा नव्हता. मी चपला हातात घेऊन पुन्हा जिना उतरले आणि खाली कोपऱ्यावरच्या बाकावर बसून राहिले. त्या दिवशी मी तुझ्यावर विश्वास ठेवला.

तू सुटलास. हे मी कुणापुढेही शपथेवर सांगेन. आणि तुला प्रभूने सोडवलं हेही मला मान्य आहे, कारण तुझी इच्छाशक्ती मी ओळखते, तिच्याने बिस्किटांचा पुडा अर्धा ठेवणं होत नाही. मीही प्रार्थना करत होते. माझी प्रार्थना लहान होती, कामावर जाताना बसमध्ये उरकायची. ह्याला सोडव, नाहीतर मला सोडव. त्याने पहिलं ऐकलं. हळूहळू तुला मी दिसायला लागले. एकदा तू जेवताना हात थांबवून विचारलंस की माझ्या भुवईवर ही खूण कधीची, आणि मला हुंदका आवरेना, कारण ती लग्नाच्या आधीपासूनची आहे.

इथेच थांबलं असतं तर मी पाळकबाईंच्या नमुन्याबरहुकूम पत्र लिहिलं असतं. तू पहिल्यांदा साक्ष दिलीस ती चांगली होती. उभा राहिलास, चार वाक्यं बोललास, खाली बसलास. मला तुझा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. पण लोक रडले. तुला ते दिसलं. दुसऱ्या वेळी साक्षीत लिफ्ट आली. मी मजल्यामजल्याने खाली चाललो होतो, दिवे गेले होते, आणि प्रभूने वरून हाताने दार उघडलं. वा! मग बाहेरच्या मंडळ्यांकडून बोलावणी आली. काळा कोट शिवलास, आरशासमोर उभा राहून कुठे थांबायचं याचा सराव केलास. माझ्या केसांना रंग लावायलाही तूच सुचवलंस, कारण मी पुढच्या रांगांत बसते आणि लोकांना मी दिसते. प्रत्येक ठिकाणी मी तुझ्याबरोबर आले, तिसऱ्या रांगेत बसले आणि माझंच आयुष्य तुझ्या तोंडून ऐकलं, जसं काही ते शेजारणीचं आहे.

मग ती मोठ्या मंडळीतली दुपार. जेवणानंतरची वेळ होती, लोक पेंगत होते, एकाने तर उघड उघड घड्याळ बघितलं. तुझी लिफ्ट आली आणि गेली, कुणी हूं की चूं केलं नाही. तेव्हा मी तुझ्या डोळ्यांत ते बघितलं. काहीतरी शोधणं, हे नाही, याहून जास्त जोराचं काहीतरी. ते शोधणारे डोळे मला चांगले पाठ आहेत, बाबा, मी त्यांच्यासोबत कित्येक वर्षं काढलीत. तुझा अंगठासुद्धा हलत होता. आणि तू बाळ काढलंस. तोवर कधी काढलं नव्हतंस. जिना सांगितलास, फोन सांगितलास, आणि मग म्हणालास, माझा मुलगा, आणि त्याचं नाव घेतलंस. ते नाव मी इथे लिहिणार नाही. पुढच्या आणि मागच्या कर्ण्यांचा मेळ नव्हता, त्यामुळे ते मला दोनदा ऐकू आलं. माझ्या बाळाला नाव आहे, हे मला कर्ण्यावरून कळलं. तू आणखी म्हणालास की तो आईच्या हातांत होता आणि त्याच्या ओठांवर झोपेतलं हसू होतं. तू जिन्यात होतास, माणसा! तीन वाक्यं आधी तूच ते सांगितलं होतंस. ज्या तोंडाचं मी माप घेतलेलं नाही, त्याची कवळी बनवून दिली तर सर मला त्याच दिवशी घरी बसवतील. तुझ्यासाठी मात्र सगळं सभागृह उभं राहिलं.

आठवड्याच्या आत माझ्या आईचा फोन आला. तिच्या ओळखीच्या कुणीतरी तुझी साक्ष ऐकली होती. बाळ गेलं हे आईला माहीत होतं, पण मी ते हातात घेतलं होतं हे नव्हतं, कारण मी ते जगात कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि तुला ते तुझ्या कल्पनेतून बरोबर सुचलं होतं. आई एवढंच म्हणाली, परक्यांना सांगितलंस, मला नाही. तिची समजूत मी अजून काढू शकलेले नाही.

मी तुला स्पष्ट सांगितलं होतं. भांडी विसळत होते, तू पुसत होतास. मी म्हटलं, लिफ्ट सांग, मला दगड म्हण, धोंडा म्हण, काय वाटेल ते म्हण, पण बाळ त्यातून काढ. दातांच्या कण्या केल्या मी. तू टॉवेल खांद्यावर टाकलास आणि फार मायेने, तुझ्या त्या नव्या मऊ आवाजात मला समजावलंस की बाळ वाया गेलं नाही, प्रभू त्याचा उपयोग करतो आहे. तो तरुण गवंडी आठवतो ना, जो तुझं जिन्याचं बोलणं ऐकून थेट पुढे आला, गुडघ्यांवर पडला आणि सुटला. त्याची बायको मला भेटायला फुलं घेऊन आली होती, पोटुशी होती, माझे हात तिने सोडलेच नाहीत. म्हणाली, तुमच्या बाळामुळे आमचं घर उभं राहिलं. तिला मी काय सांगणार होते? तिचं घर खरंच उभं आहे. म्हणून मी गप्प बसले आणि तू माझं गप्प बसणं होकार म्हणून सगळीकडे नेलंस. तुला वाटतं तू मला छळत नाहीस. आधी छळायचास तेव्हा निदान लाजायचास. आता प्रार्थना करून छळतोस, म्हणून तोंडातून शब्द काढायची सोय राहिली नाही.

आणि मग मागच्या सोमवारी तू ती पाटी घरी घेऊन आलास. गुरुवारच्या गटाच्या खोलीला बाळाचं नाव द्यायचं मंडळीने ठरवलं, तू गटाचा प्रमुख होणार त्याच दिवशी पाटीवरचं कापड दूर करायचं ठरलं, आणि मला यातलं काही कुणी विचारलं नाही, कारण मला आनंदच होणार असं सगळेच धरून चालले होते. जेवणाच्या टेबलावर तू ती ठेवलीस. पितळेची, जड, अक्षरं खोल कोरलेली. तू गेल्यावर मी तिच्यावरचे तुझ्या बोटांचे ठसे बघितले आणि माझ्या हाताची सवय बघ, ब्रश आणून मी ती चकचकीत केली. करता करता अक्षरांत बोट गेलं. बोललेलं हवेत विरून जातं, मी आजवर त्यावरच निभावलं. हे विरणार नव्हतं. उद्या लोक म्हणणार, चला, अमक्याच्या खोलीत बसू, अमक्याच्या खोलीतला दिवा गेलाय, अमक्याची खोली झाडून घ्या. मी ब्रश धुतला, पाळकबाईंना फोन केला आणि सांगितलं की हो, पत्र मी लिहिते.

आता हे का लिहिलं ते ऐक. ती मुलगी होती. तुझी आई माझ्या पोटाचा घेर बघून मुलगाच म्हणायची, तेवढ्यावर तू मुलगा नक्की केलास, नाव ठेवलंस, हसू चिकटवलंस, आणि आता पितळेत कोरून घेतलंस. कागद माझ्या कपाटात आहेत, तुला कधी बघावेसे वाटले नाहीत. मी इतके दिवस का बोलले नाही? बोलले असते तर तू साक्ष सुधारून घेतली असतीस. तू त्या खोट्या मुलाला गावोगाव नाचवत होतास, तोवर माझी लेक माझ्याजवळ सुखरूप होती, तिला कुणाची नजर लागली नव्हती. मी बोटाने तिचे ओठ जरासे उघडून बघितले होते. दुधाचे दात जन्माच्या कितीतरी आधीच हिरड्यांत तयार व्हायला लागतात, आमच्या कामात हे सगळ्यांना माहीत असतं. हिरड्या नीट होत्या. एवढं तुला देते, बाकी माझं आहे. आणि आता तुझ्या मनात काय आलंय तेही मला ठाऊक आहे. याच्याइतकी जबरदस्त साक्ष तुला पुन्हा मिळणार नाही. बंधूभगिनींनो, आत्ता, याच क्षणी, त्या खोलीत मला कळलं! सभागृह कोसळेल. जीभ शिवशिवत असेल तुझी. ती शिवशिव कुठली, तुझ्याहून चांगलं कुणाला माहीत आहे? प्रभूने तुला एकीतून सोडवलं, दुसरीही त्याच्याच पायाशी ठेव, गाणी संपायला अजून वेळ असेल. मग बाहेर ये, पत्र वाचणार नाही म्हण, पाटी लावायची नाही म्हण, कारण विचारलं तर बायकोने नको म्हटलं म्हण आणि खाली बस. मी तिसऱ्या रांगेत बसले आहे. मुलगी हा शब्द माईकवरून माझ्या कानावर आला, तर मी उठेन आणि घरी तुला मी दिसणार नाही, माझी बॅग आईकडे पोचलेली आहे. नाही आला, तर उपासना झाल्यावर कुणाशी हात मिळवत बसू नकोस, सरळ फाटकापाशी ये. हॉस्पिटलच्या मागे कुठल्या कोपऱ्यात तिला ठेवलंय, ते मी तुला दाखवीन.

अजून तरी तुझीच,
दातवाली